उलटून बोलायची रीत

मामाजी,

तुमच्या हातमागाच्या खड्ड्यावर परवा फळ्या टाकल्या. बसायला येणाऱ्यांना जागा पुरेना. तुम्ही असता तर विचारलं असतं, माणसं खड्ड्यात पाय सोडून बसली तर काय बिघडते? काय बिघडलं असतं ते मलाही सांगता येत नाही, पण अशा गडबडीत कोण कोणाला विचारतं. फळ्या टाकल्या, वर सतरंजी अंथरली, आणि जिथे जन्मभर तुमचे पाय हलत होते तिथे आता लोक मांडी घालून बसतात आणि ‘माणूस मोठा चांगला होता’ असं म्हणून चहा पिऊन जातात.

मला ते ऐकून चीड येते. गेलेल्या माणसाला चांगला म्हणायला काही लागत नाही. तुम्ही चांगले होतात हे मी तुमच्याशी वर्षानुवर्षं भांडून ठरवलं आहे, असं फुकटात नाही. तुम्ही हट्टी होतात. जेवताना बोलत बसायचात आणि वरण निवलं की पुन्हा गरम करायला लावायचात. आत्याबाईंचा, स्वतःच्या बायकोचा, एकही उपास टिंगल केल्याशिवाय जाऊ दिला नाहीत, आणि त्यांची साबुदाण्याची उसळ मात्र अर्धी तुम्हीच संपवायचात. हे मी मोठ्यानं बोलले तर बसायला आलेल्या बाया माझ्याकडे टकमक बघतील, म्हणून तुम्हालाच सांगते.

गोळीबार चौकामागच्या आपल्या गल्लीत तुम्हाला ‘वकील’ म्हणत. कोर्टाची पायरी तुम्ही कधी चढला नव्हता. मी उमरेडहून या घरात सून म्हणून आले तेव्हा हे नाव ऐकून मला वाटलं, सासरा शिकलेला दिसतो. बघते तर बनियन घालून मागावर बसलेला एक विणकर, माझ्या बापासारखाच. फक्त माझ्या बापाला नव्हतं असं एक खूळ त्याच्या डोक्यात होतं.

ते खूळ मला पहिल्या पोळ्याला कळलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, ते मोठमोठे पुतळे, ढोल, आरडाओरडा, हे सगळं मी उमरेडात नुसतं ऐकलं होतं. मला बघायचं होतं. मनोहरला म्हटलं. तुमचा मुलगा आणि माझा नवरा असला तरी अंगावर काही घ्यायचं नाही हा त्याचा स्वभाव. “बाबाले विचार,” म्हणाला आणि सायकल पुसायला निघून गेला. मी पदर सावरत तुमच्यासमोर उभी राहिले.

“मामाजी, मले मारबत पाहाले जाचं हाय.”

तुम्ही मागावर सरकता धोटा हातात थांबवलात. “बरं. मंग आता मले सांग, काहून जाऊ नाई.”

मला वाटलं तुम्ही नको म्हणताय. डोळ्यांत पाणीच आलं. आत्याबाई आतून ओरडल्या, “घाबरू नको वं पोरी, ते तसेच हायेत. उलटून बोल म्हणतात. बोलून टाक काहीबाही.”

मग तुम्ही मागावरून नुकतंच उतरलेलं लुगडं माझ्यासमोर धरलंत. सुलट बाजू दाखवलीत, मग पालटून उलट बाजू. तिकडे गाठी होत्या, आणि काठाजवळ एक धागा सुटून लोंबत होता. “सुलट्या बाजूनं सगळंच चांगलं दिसते,” तुम्ही म्हणालात. “मले काई पायजे असलं का मी आधी ते काहून नाई पायजे, तेच बोलतो. आपल्याच तोंडानं. मंग समोरचा विचारते, अजून पायजे का? तरी बी पायजे असन, तं ते आपलं. नाई तं लोकायचं पाहून पायजे होतं.”

मी बोलले. गर्दीत चेंगरायला होईल. नव्या बांगड्या फुटतील. लग्नाला वर्ष झालं नाही आणि वकिलाची सून रस्त्यानं हुंदडते असं लोक म्हणतील. इथे तुम्ही बोट वर केलंत.

“हे कोणाचं?”

“लोकायचं.”

“ते सोड. बाकीचं सांग.”

बाकीचं काही फार उरलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, “अजून पायजे?” मी मान हलवली. “मंग जा ना. मले काय विचारून राहिली?”

मी मारबत पाहिली. दोन बांगड्या खरंच फुटल्या, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. ते मी आधीच बोलून झाले होते.

हे खूळ तुमच्या स्वतःच्या अंगावर किती वेळा आलं, ते आठवून काल मला बसायला आलेल्या लोकांसमोर हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, त्यांना वाटलं रडते आहे. तुम्हाला रेडिओ हवा होता. किती दिवस तुमच्या मनात होतं ते. एका रविवारी तुम्ही आम्हा सगळ्यांना बसवलंत आणि रेडिओ का नको ते सांगायला सुरुवात केलीत. मागाचा आवाज आणि रेडिओचा आवाज एकमेकांत मिसळून दोन्ही बिघडतील. गाण्याच्या नादात हात चुकेल. घरातली माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतील. तुम्ही इतकं छान बोललात, इतकं पटवून दिलंत, की मनोहरनं “अजून पायजे का बाबा?” विचारल्यावर तुम्हीच म्हणालात, “नाई बापा. नाई पायजे.” मग पुढे कितीतरी महिने शेजारच्यांच्या रेडिओवर बातम्या लागल्या की तुम्ही माग थांबवून भिंतीला कान लावायचात. आत्याबाई म्हणायच्या, “घ्या, अजून उलटून बोला.”

पण कपाचं मी हसण्यावारी नेणार नाही.

लकडगंजाकडून हातगाडीवर सुताची गाठोडी घेऊन दशरथभाऊ यायचे. त्यांच्यासाठी आपल्या घरात एक वेगळा कप होता, कान तुटलेला, मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवलेला. ते स्वतःच तो उचलायचे, चहा पिऊन झाला की स्वतःच विसळून ठेवायचे. माझ्या माहेरीही असा कप होता. मला त्यात काही दिसलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नाही. मनोहरच एकदा म्हणाला, “बाबा, सगळं उलटून पाहता, मंग तो कप काहून नाई पाहत?”

तुम्ही चिडलात. तुम्हाला तो कप हवा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. लहानपणापासून हाडीमाशी भिनलेलं होतं ते. पण रीत म्हणजे रीत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही मोडीत काढायला बसलात आपलंच मत. दशरथ आपलं सूत हातानं उचलते, ते सूत आपण तोंडात धरून गाठ मारतो. त्याच्या घामाचं सूत चालते, ओठाचा कप चालत नाई, हे काय आहे? तो कोणत्या घरात जन्मला, हे त्यानं ठरवलं नाई. मी कोणत्या घरात जन्मलो, हे मी ठरवलं नाई. मग आत्याबाईंनी विचारलं, पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, “मंग, अजून पायजे का तो कप?”

तुम्ही म्हणालात, “मले अजून पायजे वाटते. पण उत्तर नाई सापडून राहिलं.”

आणि तुम्ही उठून तो कप फोडला नाहीत, कोणाला काही दाखवलं नाहीत. दशरथभाऊ आले तेव्हा घरातल्या कपात चहा दिलात आणि स्वतः त्यांच्यासमोर बसून प्यायलात. तुमचा हात अवघडला होता. नंतर मला म्हणालात, “मनातून नाई जात वं अजून. पण मन मागून येईन. त्याची वाट पाहाची नाई.” मन यायला किती वर्षं लागली ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की परवा तुम्हाला नेताना पहिला खांदा दशरथभाऊंनी दिला, आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मी शाळेत मुलांना शिकवते तेव्हा ‘समता’ हा धडा येतो. पुस्तकात मोठमोठे शब्द आहेत. माझ्या डोळ्यांसमोर तुमचा तो अवघडलेला हात येतो, आणि मी शब्द सोडून त्यांना कपाची गोष्ट सांगते. तुमचं नाव सांगत नाही. ‘आमच्या ओळखीचे एक होते’ म्हणते. आता ते ‘होते’ खरंच झालं, हे मुलांना कसं समजावणार?

मग मनोहर गेला. कावीळ झाली, आठवड्यात अंग पिवळं पडलं, आणि संपलं. आमची लेक नंदा तेव्हा पाळण्यातून नुकती बाहेर आली होती. त्या दिवसांबद्दल आपण पुढे कधी बोललो नाही, तर आज बोलते. मी तुमच्यावर ओरडले होते. सगळ्या नातेवाइकांसमोर ओरडले, “आता बोला ना उलटून! बोला, काहून जाऊ नाई पायजे होता तो, काहून गेला तं चांगलं झालं, सांगा!” बायांनी मला आवरलं. तुम्ही खड्ड्याच्या कडेला बसला होता. तुम्ही फक्त म्हणालात, “याले उलट बाजू नाई वं, विमल.”

त्यानंतर दोन-अडीच वर्षं घरात कोणी उलटून बोललं नाही. सगळं सरळ चालू होतं, आणि घर ओळखू येत नव्हतं. तुम्ही एकदाच काही सुचवलंत, तेही सरळ. मी मॅट्रिक झालेली होते. “मास्तरकीचा कोर्स कर,” म्हणालात. मी केला. नागपुरातच कुठेतरी शाळा मिळेल असं आपण सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

ऑर्डर आली ती नरखेड तालुक्यातल्या एका गावाची. त्या दुपारचं मला सगळं आठवतं. जूनचं ऊन, दाराला भिजवलेलं पोतं, तुम्ही मागावर, मी रहाटाशी सुताच्या कांड्या भरत, आत्याबाई चुलीपाशी. मी ऑर्डर वाचून दाखवली. मला राहायचं होतं, मामाजी. तुम्हा दोघांना सोडून, मनोहरच्या घरातून उठून, एक लहान पोर घेऊन अनोळखी गावात जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. नागपुरात दुसरी नोकरी शोधू, तोवर कांड्या भरू, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

तुम्ही धोटा थांबवलात आणि म्हणालात, “चांगलं झालं. जा. इथं कांड्या भरू भरू काय भेटणार हाय? हे माग तरी किती दिवस चालते, कोणाले माहीत. नंदाले मोकळी हवा भेटन. अन् एक सांगू का? तिथं तू मास्तरीण असशीन. इथं जलमभर मनोहरची बायकोच राहशीन.”

तुम्ही ‘उलटून बोलतो’ असं काही म्हटलं नाहीत. तरी इतक्या दिवसांनी तुमच्या तोंडून अशी एकामागून एक कारणं निघताना ऐकून मला इतकं बरं वाटलं, की आपलं जुनं घर परत आल्यासारखं झालं. पण ती कारणं सरळ आहेत असंच मला वाटलं. मनात आलं, यांना मी जायला हवी आहे. त्याचं दुःख गिळलं. आणि मग माझी पाळी होती. मला राहायचं होतं, म्हणून रीतीप्रमाणे मी राहू नये ते बोलायचं होतं. मी बोलले. “हाव मामाजी. या घरात जिकडं पाहावं तिकडं मले तेच दिसतात. मी इथं राहून तुमच्या अन् आत्याबाईच्या जिवाले घोर. नंदाले माह्या भरवशावर वाढवता आलं पायजे.”

सगळी कारणं खरी होती. हीच तर तुमच्या रीतीची गंमत होती, उलट बाजूला कधीच खोटं नसायचं.

मी थांबले. तुम्ही आता विचाराल, ‘अजून राहाचं हाय?’ मी मान हलवीन, तुम्ही म्हणाल ‘मंग राहा ना, मले काय विचारून राहिली?’ असं मनात धरून मी कांडी हातात घेऊन बसून राहिले. तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्हीही माझ्याकडे बघत होतात. मग तुम्ही मान खाली घातलीत आणि माग सुरू केलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही आणि आत्याबाई मला आणि नंदाला एसटीत बसवून आलात.

तिकडे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक दिवाळीला आणि उन्हाळ्यात मी येऊन सांगतच होते. संत्र्यांच्या बागांमधलं गाव, दोन खोल्यांची शाळा. पहिल्या संक्रांतीला गावातल्या बायांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी घरी बसून तुमच्यासारखी स्वतःशीच बोलले. मला जायचं आहे. का जाऊ नये? अपशकुन होतो. हे कोणाचं? लोकायचं. ते सोड, बाकीचं सांग. बाकीचं काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी मीच शाळेच्या अंगणात हळदीकुंकू केलं आणि सगळ्यांना बोलावलं, नवरा असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. पहिल्या वर्षी मोजक्या आल्या. आता अंगण पुरत नाही. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही आत्याबाईंना हाक मारून म्हणालात, “ऐकलं का वं? आपली विमल वकील झाली.” तेवढ्यावर मी पुढचं वर्ष काढलं होतं.

मुलांनाही मी खूळ लावलं. सुट्टी पाहिजे? आधी का नको ते सांगा. एका पोट्टीनं इतकं सुरेख सांगितलं की वर्गानं मत बदललं आणि सुट्टी बुडाली. तिला बाकीच्यांनी शाळा सुटल्यावर धपाटे घातले. तुम्ही हे ऐकून खोकला येईपर्यंत हसला होतात.

आपला एक वाद अपुरा राहिला, तो इथे लिहून ठेवते. मी म्हणत होते, मामाजी, उलटून बोलायला आधी काहीतरी हवं असावं लागतं. ते ‘हवं’ कुठून येतं? ते काही विचार करून येत नाही. दशरथभाऊंच्या कपाचं मनोहरला खुपलं, ते त्यानं विचार करून खुपवून घेतलं नव्हतं. आधी खुपलं, मग विचार झाला. तुमच्या रीतीत त्या खुपण्याला जागाच नाही. तुम्ही म्हणालात, “चाळणी काई पीठ देत नाई, ते मले समजते. पण न चाळता खाशीन तं दातात खडा येईन.” मी म्हटलं, आणि नुसती चाळणीच हलवत बसलं तर माणूस उपाशी मरेल. तुम्ही म्हणालात, “थांब, याले मी उत्तर देतो. पुढच्या खेपेले.” पुढच्या खेपेला तुमचा दमा वाढला होता. त्याच्या पुढच्या खेपेला तुम्ही खाटेवर होतात आणि एकेक शब्दाला श्वास पुरत नव्हता. तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं, ओठ हलत होते. मी म्हटलं, “बोलू नका मामाजी, दम लागन.” जन्मभर ज्यानं मला बोलायला लावलं त्याला मी सांगितलं, बोलू नका. काळजीनं सांगितलं. तरी आता त्या वाक्याशी माझं जुळत नाही.

एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक गोष्ट विचारली नाही. त्या दुपारी तुम्ही मला जा म्हणालात, ते तुम्हाला खरंच हवं होतं का? दर खेपेला विचारायचं ठरवून यायचे, संत्र्यांची पिशवी खाली ठेवायचे, आणि इकडतिकडचं बोलून परत जायचे. भीती वाटायची. ‘हाव, मले हवंच होतं’ म्हणाला असता तर मला ते सोसलं नसतं.

काल दुपारी लोक उठून गेल्यावर मी आणि आत्याबाई तांदूळ निवडत बसलो होतो. त्या अशाच, काही कारण नसताना म्हणाल्या, “तू नरखेडले गेली तवा कितीक दिवस मागावर बसले नाई ते.”

“काहून?”

“मी बी तेच विचारलं. तं म्हणे, पोट्टीले जाचंच होतं. म्या जा म्हणलं अन् तिनं लगेच हाव म्हणलं. मी म्हणली, मंग तुमी काहून जा म्हणाले? तं म्हणे, मी उलटून बोललो होतो वं. मले वाटलं पोट्टी विचारन, अजून पायजे का म्हणून. तिनं विचारलंच नाई.”

मी सूप बाजूला ठेवलं.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “मी बी उलटून बोलली होती.”

त्यांनी तांदळातला एक खडा वेचून टाकला. मला वाटलं त्यांना कळलं नाही. मग म्हणाल्या, “तुमी दोघंय येडे.” आणि रडायला लागल्या. तुम्ही गेलात त्या दिवशी त्या अशा रडल्या नव्हत्या. “मी तिथंच होती ना वं, चुलीपाशी. मले राहू राहू वाटे, म्हणावं, राहा. काईच्या काई कारणं देऊन राहिले दोघं जण. पण तुमच्या दोघायच्या बोलण्यात मले कोण घेते? मले कारणं नाई येत. मले जे वाटते ते वाटते.”

विचार करा, मामाजी. त्या खोलीत तीन माणसं होती आणि तिघांनाही मी राहायला हवी होते. दोघं रीतीप्रमाणे हवं असणाऱ्याच्या जागी बसून बोलत राहिले, आणि समोर बसून विचारणारा कोणी उरलाच नाही. ज्यांना कारणं येत नव्हती त्या गप्प बसल्या.

कालपासून मी आतबाहेर करते आहे. आत्याबाई एकट्या पडल्यात, नंदाचं कॉलेज इथेच आहे, तिला आजीजवळ ठेवायचं ठरलं आहे. मला सोमवारी शाळेवर हजर व्हायचं आहे. जायला हवं आणि मी जाणार आहे, त्यात आता काही पालटून बघण्यासारखं नाही. जे पालटून बघते आहे ते ती दुपार. तुम्ही तेव्हा सरळ राहा म्हणाला असतात तर मी राहिले असते. मग ती दोन खोल्यांची शाळा नाही, अंगणातलं हळदीकुंकू नाही. स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे काय, ते मला कोणी सांगूनही कळलं नसतं. गल्लीतले निम्मे माग आज बंद आहेत. मी कोणत्या कांड्या भरत बसले असते? गेले तेच बरं झालं. हे मी सुलट्या बाजूनं पाहिलं, उलट्या बाजूनं पाहिलं, तुम्ही शिकवलंत तसं बोट फिरवून पाहिलं, आणि मला एकही गाठ सापडली नाही.

तरीपण मामाजी, तुम्ही एकदा ‘राहा’ म्हणायचं होतं.